बुकिंग कार्डावर, भरवसा कागदावर

गाडी घ्यायचं ठरलं ना तुझं? मग आता घरात रोज सभा भरणार बघ. सासरे म्हणतील डिझेल घे, दादा म्हणेल सीएनजी घे, शेजारच्या काकू म्हणतील रंग पांढराच बरा, भोपाळच्या उन्हात कमी तापते. या सगळ्या गलक्यात तू मला जे विचारलंस ते मात्र कुणी विचारत नाही. ‘ताई, पैसे क्रेडिट कार्डानं भरले तर बुडायची भीती नसते म्हणे. खरं का गं ते?’

खरं सांगू का, अर्धं खरं आहे. आणि गाडीसारख्या मोठ्या खरेदीत अर्ध्या खऱ्यावर विसंबणं बरं नाही, म्हणून जरा निवांत बस आणि सगळं ऐकून घे. घरचा महिन्याचा हिशेब तू पै-पैशाला जुळवतेस, तेव्हा हेही तुला जमणारच आहे.

आधी हा समज आला कुठून ते सांगते. आपल्या ओळखीत कुणाची ना कुणाची मुलगी लंडनला असते, कुणाचा जावई लेस्टरला. ती मंडळी सांगतात, ‘गाडीची अनामत कार्डावर भर, बाकी चिंता नाही.’ त्यांच्यापुरतं ते अगदी बरोबर आहे. ब्रिटनमध्ये 1974 चा ग्राहक पतपुरवठा कायदा आहे, त्याचं कलम 75 तिथं फार कामाचं. 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीची वस्तू घेतली आणि तिच्या किमतीतला थोडासा भाग जरी क्रेडिट कार्डावर भरला, तरी विकणाऱ्याबरोबर कार्डाची बँकही जबाबदार धरली जाते. म्हणजे नुसती अनामत कार्डावर भरली तरी अख्ख्या गाडीचा दावा बँकेकडे करता येतो. आपल्या देशात असा कायदा नाही. हे एक वाक्य मनात पक्कं बसव. भोपाळात कार्डावर 25,000 भरलेस, तर बँकेशी जे काही भांडायचं ते त्या 25,000 पुरतंच. उरलेल्या आठ-नऊ लाखांशी त्या कार्डाचा काही संबंध नाही.

मग आपल्याकडे कार्डावर मिळतं तरी काय? तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात, आणि लोक तिन्हींना एकाच नावानं हाक मारतात. गोंधळ तिथंच होतो बघ.

पहिली गोष्ट, चोरीपासूनचं रक्षण. तुझं कार्ड कुणी तुझ्या नकळत वापरलं, तर रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम आहेत. चूक ना तुझी ना बँकेची, मधल्याच कुणीतरी घात केला, आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंस, तर नुकसान तुझ्या माथी येत नाही. पण ओटीपी तू स्वतःच कुणाला सांगितलास, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुझं. आणि शोरूममध्ये तू स्वतः उभी राहून कार्ड दिलंस, पिन टाकलास, तर तो व्यवहार चोरीचा होतच नाही. नंतर डीलरशी बिनसलं म्हणून ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं बँकेला कधीही सांगू नकोस. कुणीतरी तसा सल्ला देईल, अगदी हुशारीचा आव आणून देईल. ऐकायचं नाही. एकदा खोटं बोललीस की तुझी खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही.

दुसरी गोष्ट, विमा. काही कार्डांबरोबर ‘पर्चेस प्रोटेक्शन’ नावाचं विम्याचं कवच येतं. कार्डानं घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत चोरीला गेली, जळाली, तर काही रक्कम मिळते. नाव ऐकून वाटतं, हेच तर हवंय आपल्याला! पण हा विमा टीव्ही-मोबाइलसारख्या वस्तूंसाठी असतो, मोटारगाडी त्यातून बहुतेक वेळा वगळलेली असते. तुझ्या कार्डाची नियमावली काढ आणि त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाच. गाडीचं रक्षण गाडीचाच विमा करतो, हे धरून चाल.

तिसरी गोष्ट, आणि तुझ्या कामाची हीच, ती म्हणजे चार्जबॅक. तू कार्ड स्वाइप केलंस की पैसे तुझ्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यामार्फत डीलरच्या बँकेकडे जातात. ठरलेली वस्तू मिळाली नाही, सांगितली एक आणि दिली भलतीच, एकच रक्कम दोनदा कापली, किंवा परतावा कबूल करून दिलाच नाही, अशा कारणांसाठी तुझी बँक त्याच वाटेनं पैसे परत मागू शकते. मग डीलरच्या बाजूनं उत्तर येतं, कागद येतात, आणि ज्याचे कागद भक्कम त्याच्या बाजूनं निकाल लागायची शक्यता जास्त. हा कायद्यानं दिलेला हक्क नाही गं, हा कार्ड चालवणाऱ्यांचा आपसातला नियम आहे. पण चालतो, आणि बऱ्याचदा चांगला चालतो.

त्याला मुदत असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारींना साधारण 120 दिवस मिळतात, आणि वस्तू मिळाली नसेल तर ते दिवस वस्तू मिळायच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तुझी बँक स्वतःसाठी याहून कमी दिवस सांगू शकते, म्हणून आधीच विचारून ठेव. आता यातली खरी मेख बघ. ‘ठरलेली तारीख’ कुठे लिहिलेली आहे? विक्रेता तोंडानं म्हणाला, ‘मॅडम, पंद्रह-बीस दिन में आ जाएगी’, तर ती तारीख झाली का? नाही झाली. गाडी कधी मिळणार होती, कोणती मिळणार होती, आली नाही तर पैसे परत कसे, हे कागदावर नसेल तर चार्जबॅक लावणार कशाच्या जोरावर? म्हणून तुला पुन्हा पुन्हा सांगते, कार्डाचं बळ कागदातून येतं.

तरीही बुकिंगची रक्कम कार्डावरच भर, असंच मी म्हणेन. कारण बघ, बुकिंगचे पैसे सगळ्यात उघडे असतात. ना चासी नंबर ठरलेला, ना बिल झालेलं, ना गाडी समोर. आणि मधल्या काळात काय होईल सांगता येत नाही. 2017 च्या अखेरीला जनरल मोटर्सनं आपल्या देशात शेवरोले विकणं थांबवलं. 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. या काही गल्लीतल्या कंपन्या नव्हेत. एखादा डीलर तर त्याहून लवकर गुंडाळू शकतो. तेव्हा ते 11,000 असोत, 21,000 असोत की 25,000, ज्या वाटेनं परत येऊ शकतील त्याच वाटेनं पाठव. एनईएफटी किंवा आरटीजीएसनं पाठवलेल्या पैशाला चार्जबॅकची वाट नाही. रोखीला तर पावतीखेरीज काहीच पुरावा नाही.

स्वाइप करताना तीन गोष्टी डोळ्यांखालून घाल. मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर कुणाचं नाव आहे? शोरूम एका नावानं चालतं आणि मशीन दुसऱ्याच संस्थेचं असतं, असं होतं. पावती, बुकिंग फॉर्म आणि चिठ्ठी, तिन्हींवर नाव एकच हवं, नाहीतर दोन्ही संस्थांचं नातं पावतीवर लिहून माग. दुसरं, चिठ्ठीचा फोटो लगेच काढ, कारण तिची शाई काही महिन्यांत उडून जाते. तिसरं, पावतीवर ‘बुकिंगपोटी आगाऊ’ असं लिहिलंय ना, ते पाहा. ‘अ‍ॅक्सेसरीज’ असं लिहून दिलेली पावती घेऊ नकोस.

आता तुझ्या मनात येईल, मग सगळीच रक्कम कार्डावर का भरू नये, पॉइंटही मिळतील! अगं, थांब. एक तर बहुतेक डीलर बुकिंगपलीकडे कार्ड घेत नाहीत, आणि घेतलंच तर दीड-दोन टक्के वर मागतात. एका लाखावर दोन टक्के म्हणजे 2,000 रुपये गेले, पॉइंटांचं कौतुक तिथंच संपलं. दुसरं, ते बिल मुदतीत पूर्ण भरता आलं नाही तर व्याज सुरू. महिना साडेतीन टक्के धर. एका लाखावर महिन्याला 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 630. गाडीचं साधं कर्ज याच्यापुढं फार स्वस्त पडतं. कार्डाचं व्याज 30 टक्क्यांच्या वर नको, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 ला तो आदेश रद्द केला. म्हणजे ती मर्यादाही आता नाही. म्हणून बुकिंगची रक्कम बचत खात्यात आधी बाजूला काढून ठेव, मगच कार्ड पुढं कर, आणि बिल आलं की पूर्ण भर.

कर्ज काढणार असशील तर आणखी एक. कार्डाच्या मर्यादेचा मोठा भाग वापरून टाकलास की सिबिलचा, म्हणजे तुझ्या पतीचा, आकडा खाली येऊ शकतो, आणि जानेवारी 2025 पासून बँका कार्डाच्या वापराची माहिती निदान पंधरा दिवसांनी तरी पाठवतात. तेव्हा आधी कर्ज मंजूर करून घे, मग कार्डावरचं बुकिंग. क्रम एवढाच ठेव.

आता कागदाकडे येते, आणि इथं मी थोडी हट्टानंच बोलणार आहे.

गोव्यातली एक गोष्ट ऐक, ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहे. तिथल्या एका ग्राहकानं 2011 च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरनं त्याला 2009 ची गाडी दिली. गाडी आधीच काही शे किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, दारांवर ओरखडे. तो ग्राहक मंचात गेला, राज्य आयोगात जिंकला, राष्ट्रीय आयोगातही जिंकला. पण गाडी बनवणाऱ्या टाटा मोटर्सनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयानं कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. कारण काय, तर कंपनी आणि डीलर यांचे व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखे होते. डीलरनं केलेली गोष्ट कंपनीला माहीत होती असं सिद्ध झाल्याशिवाय तिला दोषी धरता येणार नाही. डीलर मात्र सुटला नाही. यातून तू काय घ्यायचंस? शोरूमच्या दारावर केवढंही मोठं नाव असो, तुझा करार त्या डीलरशी आहे. पैसे त्याला, कागद त्याच्याकडून, आणि उद्या भांडण झालं तर तेही आधी त्याच्याशी.

म्हणून होशंगाबाद रोडच्या शोरूममध्ये जा नाहीतर कोलारच्या, बुकिंग फॉर्मवर सही करण्याआधी त्यात हे सगळं भरून घे. मॉडेल, व्हेरियंट, रंग, इंधन. गाडी कोणत्या वर्षी बनलेली असेल ते. एक्स-शोरूम किंमत वेगळी, नोंदणीचा कर वेगळा, विमा वेगळा, अ‍ॅक्सेसरीज वेगळ्या, वाढीव वॉरंटी वेगळी. ‘हँडलिंग’ नावाखाली काही लावलं असेल तर ते कशाचं, हे विचार, लाजू नकोस. विमा आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती त्यांना करता येत नाही, बाहेरून दोन ठिकाणचे आकडे मागव. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे आकडा मोठा दिसेल, दचकू नकोस. किंमत दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं गोळा करायचा आयकर, वर घेतील. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, फक्त पॅन बरोबर दे.

मग दोन ओळी तुझ्या हातानं लिहून घे, छापील फॉर्मवर पेनानं लिहिल्या तरी चालतात, खाली त्यांची सही आणि शिक्का हवा. एक, गाडी अमुक तारखेपर्यंत मिळेल. दोन, त्या तारखेला मिळाली नाही आणि मी बुकिंग रद्द केलं, तर पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत ज्या कार्डावरून आली त्याच कार्डावर परत. नुसतं ‘मन बदललं’ म्हणून चार्जबॅक मिळत नाही, हेही लक्षात असू दे. तू स्वतःहून रद्द केलंस तर किती कापणार, हेसुद्धा आत्ताच विचार. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात एक ओळ असते, ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’. ती दोन्हीकडून चालते. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के आणि वरचा उपकर यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आधी बुक करून नंतर गाडी घेणाऱ्यांना ही ओळ फायद्याची ठरली. पण किंमत वाढली तरीही तीच ओळ लागू होते, म्हणून वाढ झाल्यास दंड न भरता रद्द करता येईल का, ते लिहून घे.

आणि मुहूर्ताचं सांगते. पाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. आदल्या संध्याकाळी पोरगा कागदांचा गठ्ठा पुढं करतो, ‘बस साइन कर दीजिए, कल सुबह गाड़ी रेडी’. तुला मुहूर्त हवा असतो, सासूबाईंनी नारळ आणून ठेवलेला असतो, आणि कोऱ्या जागा तशाच ठेवून सही होते. असं नाही करायचं बघ. मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असतो. पैसे, कागद, तपासणी हे सगळं चार दिवस आधी उरकून ठेव. मुहूर्ताच्या दिवशी फक्त हळदकुंकू आणि नारळ उरला पाहिजे.

ग्वाल्हेरच्या मेळ्याचंही तुला कुणीतरी सांगितलंच असेल. महाराज माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेला हा व्यापार मेळा. अलीकडच्या वर्षांत तिथं विकलेल्या गाड्यांना राज्य सरकारनं मोटार वाहन करात 50 टक्के सूट दिली आहे, 2024 पासून उज्जैनच्या विक्रमोत्सव मेळ्यातही. रक्कम मोठी असते, मोह होणं साहजिक आहे. पण सूट त्या वर्षी जाहीर झाली का, हे आधी बघ. गाडी मेळ्याच्या काळातच विकलेली आणि त्याच शहराच्या आरटीओत नोंदलेली असावी लागते, म्हणजे नंबर आपला एमपी 04 चा न येता ग्वाल्हेरचा एमपी 07 किंवा उज्जैनचा एमपी 13 येईल. भोपाळात बसून मेळ्याच्या भावानं बुकिंग करणार असशील, तर ‘करात सूट मिळाली नाही तर बुकिंग रद्द, पूर्ण पैसे परत’ ही ओळ फॉर्मवर हवीच.

आता उरलेली मोठी रक्कम. ती बँकेतूनच जाणार, आणि तिथं कार्डाची सोय नाही, म्हणून सावधपणा जास्त. गाडी यार्डात आली, चासी नंबर तुझ्या नावावर लागला, बिल तयार झालं, की मगच पैसे. त्याआधी जाऊन गाडी बघ. किलोमीटर किती, रंगावर काही डाग आहे का, टायर कसे आहेत, चासी नंबर बिलाशी जुळतो का. शोरूमच्या खात्यात पैसे टाकताना नावाची खातरजमा कर. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एप्रिल 2025 पासून बँकांनी एनईएफटी-आरटीजीएसमध्ये ही सोय दिली आहे, खाते क्रमांक टाकला की खातेदाराचं नाव दिसतं. विक्रेत्या मुलाच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, कितीही गोड बोलो. आणि रोख तर नकोच. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदीच आहे.

कर्जाचा धनादेश सरळ डीलरला जातो, हे ध्यानात घे. एकदा तो गेला की गाडी येवो न येवो, हप्ता सुरू. डीलर अडकला म्हणून बँक हप्ता थांबवत नाही. तेव्हा चासी नंबर असलेलं बिल हाती आल्याशिवाय रक्कम सोडू नका, असं कर्ज देणाऱ्या बँकेला ईमेलनं कळवून ठेव.

गाडी ताब्यात घेताना फॉर्म 21 नीट वाच. ते विक्रीचं प्रमाणपत्र, त्यात गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. फॉर्म 22 गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा, फॉर्म 20 नोंदणीच्या अर्जाचा, कर्ज असेल तर फॉर्म 34. या सगळ्यांच्या प्रती, बुकिंग फॉर्म, पावत्या आणि कार्डाची चिठ्ठी एका फाइलमध्ये घाल. तुझ्या कपाटात लग्नातल्या साड्यांच्या पावत्या अजून जपलेल्या असतील, ही फाइल त्यांच्या शेजारी राहू दे.

जुनी गाडी घ्यायचा विचार आला तर थोडक्यात सांगते. एखाद्या घरातून थेट गाडी घेतलीस तर कार्डाचा प्रश्नच येत नाही. दुकानातून घेतलीस तर तो विक्रेता आरटीओकडे नोंदलेला आहे का, हे विचार. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना असं अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडीवर कर्ज बाकी आहे का, चलानं थकलीत का, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर बघ. आणि ऑनलाइन जाहिरात देऊन ‘फौजी आहे, बदली झाली, टोकन पाठवा, गाडी ट्रकनं येईल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन कर, सकाळची वाट बघू नकोस.

आणि समजा, सगळं नीट करूनही बिनसलं. घाबरून जाऊ नकोस, रडत तर अजिबात बसू नकोस. आधी डीलरला ईमेल कर, फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून उभं राहत नाही. काय ठरलं होतं, काय झालं, किती पैसे आणि कधीपर्यंत परत हवेत, एवढ्या चार ओळी पुरे. सात-आठ दिवस दे. उत्तर आलं नाही तर बँकेकडे वादाचा अर्ज कर, सोबत फॉर्म, पावती, चिठ्ठी, ईमेल. बँक कदाचित तात्पुरते पैसे जमा करेल, पण ते अजून तुझे झाले असं समजू नकोस, डीलरचं म्हणणं पटलं तर परतही जातात. मधल्या काळात वादातली रक्कम भरायची का, हे बँकेला लेखी विचार आणि बाकीचं बिल वेळेवर भरत राहा. बिलाबद्दलच्या तक्रारीला तीस दिवसांत कागदोपत्री उत्तर द्यायचं, हे बँकेवर बंधन आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कर. ती ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण लोकपाल बँकेच्या चुकीपुरताच बघतो, डीलरला तो काही करू शकत नाही.

डीलरसाठी ग्राहक आयोग. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदव, पुष्कळदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यानं तुझ्यासाठी एक फार मोठी सोय केली. तू जिथं राहतेस किंवा काम करतेस तिथंच तक्रार करता येते. गाडी ग्वाल्हेरला घेतलीस तरी भोपाळच्या आयोगात दाद मागता येईल. इथं पाटीवर ‘उपभोक्ता आयोग’ लिहिलेलं असतं, तेच ते. 50 लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत 200 रुपये, वीस लाखांपर्यंत 400. वकील असलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. फक्त दोन वर्षांच्या आत जा.

एवढं सगळं ऐकून डोकं भणाणलं असेल ना? होतं असं. पण बघ, यातलं एकेक काम तुझ्या रोजच्या कामांपेक्षा अवघड नाही. वाणसामानाची यादी बघून एक वस्तू कमी आली तरी तू दुकानदाराला परत बोलावतेस. तीच नजर शोरूममध्ये घेऊन जा, पर्स आणि ती नजर दोन्ही. तिथला सूट-बूट आणि सरबताचा ग्लास बघून ती घरी ठेवू नकोस.

माझं म्हणणं सरळ आहे. बुकिंगचे पैसे क्रेडिट कार्डावर, आणि ते बिल वेळेत पूर्ण. तारीख, वर्ष, किंमत आणि परताव्याची अट कागदावर, सही-शिक्क्यासह. मोठी रक्कम चासी नंबर दिसल्यावरच. या तीन गोष्टी सांभाळल्यास तर फसायची जागाच फार थोडी उरते. आणि सही करायच्या आदल्या दिवशी त्या बुकिंग फॉर्मचा फोटो मला पाठव. कितीही वाजलेले असोत, मी वाचून सांगते. तोवर कार्ड पर्समध्येच राहू दे.